रिक्षाचे पैसे कुठल्या रकान्यात?

‘ताई, रिक्षाचं कुठे लिहायचं?’ असं तिने विचारलं तेव्हा शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देणारा मुलगा माऊसवरचा हात तसाच ठेवून माझ्याकडे बघायला लागला. महा ई-सेवा केंद्राचा आठ बाय दहाचा गाळा, बाहेर धो धो पाऊस, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले दाखले. ती जन्मांध आहे. बार्शीकडची. पुण्यात मावशीकडे राहून राज्यशास्त्रात एम. ए. करते. आठवड्यातून दोन दिवस मी तिला वाचून दाखवते, जमेल तेव्हा पुस्तकातली प्रकरणं मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ठेवते. अर्ज आपला आपण भरायचा म्हणून तिने आधी घरीच प्रयत्न केला होता. फोनमधला आवाज एकेक रकाना वाचून दाखवत होता आणि ती भरत होती. शेवटी चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाकायची वेळ आली आणि तो आवाज गप्प झाला. म्हणून आम्ही केंद्रात आलो.

अर्जात शिक्षण शुल्काचा रकाना होता, परीक्षा शुल्काचा होता, वडिलांच्या वार्षिक उत्पन्नाचा होता. रिक्षाचा नव्हता. तिला कॉलेजात जायला दोन बस बदलाव्या लागतात. आलेली बस कितव्या नंबरची हे सांगणारं माणूस सकाळी थांब्यावर भेटेलच असं नाही, म्हणून ती रिक्षाने जाते. जाऊन-येऊन रोजचे दीडशे रुपये. महिन्याला बावीस दिवस धरले तर ३,३०० रुपये. ‘असं काही ऑप्शन नाही ना ताई,’ मुलगा म्हणाला आणि पुढच्या पानावर गेला. बारावीनंतर शिकणाऱ्या अपंग मुलामुलींना मिळणाऱ्या सरकारी मदतीचा विचार करताना मी पुन्हा पुन्हा त्या न सापडलेल्या रकान्यापाशी येऊन थांबते.

आधी ही मुलं आहेत तरी किती ते पाहू. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यातले साडेएकोणतीस लाखांहून अधिक महाराष्ट्रातले. देशभरातल्या या व्यक्तींपैकी ४५ टक्के निरक्षर होते आणि पदवीपर्यंत पोचलेले जेमतेम पाच टक्के. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशभरातल्या कॉलेजांत आणि विद्यापीठांत ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी शिकत होते आणि त्यांत अपंग विद्यार्थी सुमारे ८९ हजार होते. म्हणजे हजारात दोन. कायद्याने मात्र सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांतल्या शंभरातल्या पाच जागा त्यांच्यासाठी राखून ठेवायला सांगितल्या आहेत. जागा आहेत आणि मुलं नाहीत, अशी ही परिस्थिती. मुलं कुठे गळतात याची कारणं अनेक आहेत, पण दहावी-बारावीला चांगले गुण मिळवलेला मुलगा घरी बसतो तेव्हा बहुतेक वेळा घरातल्यांनी मनातल्या मनात पैशांचा हिशेब करून टाकलेला असतो.

१९९५ च्या पहिल्या अपंगत्व कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व धरलं होतं आणि तीन टक्के जागा राखीव होत्या. २०१६ चा हक्कांचा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकार आले, उच्च शिक्षणातलं आरक्षण पाच टक्के झालं आणि प्रवेशासाठी वयात पाच वर्षांची सूट आली. याच कायद्याचं ३१ वं कलम सहा ते अठरा या वयात मोफत शिक्षणाचा हक्क देतं. अठरावं सरलं की तो हक्क संपतो. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. अपंग मुलाचं शिक्षण बहुधा उशिरा सुरू होतं. शस्त्रक्रिया, कॅलिपर, योग्य शाळेचा शोध, घरापासून लांबच्या निवासी शाळेत पाठवायचं की नाही याचा विचार, यात दोन-तीन वर्षं सहज जातात. ज्या वयात इतर मुलं पदवीच्या पहिल्या वर्षाला असतात त्या वयात हा मुलगा दहावी-अकरावीत असतो आणि तिथेच हक्काची जागा योजना घेते. हक्क मागता येतो. योजनेसाठी अर्ज करावा लागतो, आणि योजनेत जागा मोजक्या असतात.

केंद्र सरकारची मुख्य योजना म्हणजे मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, अकरावीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंत. देशभरासाठी १७,००० जागा, त्यातल्या निम्म्या मुलींसाठी. अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त हवं, आईवडिलांचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत हवं, एका घरातल्या दोघांहून जास्त मुलांना ती मिळत नाही आणि दुसरी कुठली शिष्यवृत्ती चालू असेल तर ही घेता येत नाही. म्हणजे मुलगा दलितही असेल आणि अपंगही असेल, तर दोनपैकी कोणत्या ओळखीवर मदत घ्यायची ते त्याने ठरवायचं, जरी दोन्ही ओझी तो एकाच वेळी वाहत असला तरी. शुल्काची भरपाई वर्षाला दीड लाखापर्यंत होते, आणि ही या योजनेची खरीच मोठी बाजू आहे. निर्वाहभत्ता अभ्यासक्रमाच्या चार गटांनुसार ठरतो. सर्वांत वरच्या गटात, म्हणजे पदवी आणि त्यापुढच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत, वसतिगृहात राहणाऱ्याला महिना १,६०० रुपये आणि घरून येणाऱ्याला ७५०. कला-वाणिज्य-विज्ञानाच्या साध्या पदव्यांच्या गटात ९५० आणि ६५०. पुस्तकांसाठी वर्षाला १,५००. यात भर म्हणून अपंगत्व भत्ता आहे: अंध आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना वर्षाला ४,००० आणि बाकी सगळ्यांना २,०००.

हे आकडे आमच्या एम. ए. च्या मुलीला लावून बघा. ती घरून येते, म्हणून महिना ६५०. अपंगत्व भत्त्याचे महिन्याला पडतात ३३३. पुस्तकांचे सव्वाशे. झाले अकराशे रुपये. रिक्षाचे आठ दिवसही त्यात पुरे निघत नाहीत. वाचून दाखवणाऱ्याला काही द्यायचं, पुस्तकं स्कॅन करून घ्यायची, परीक्षेला लेखनिक आणायचा, हे सगळं अजून बाजूलाच आहे. याआधीच्या नियमावलीत तीव्र अपंग विद्यार्थ्याला ने-आण करणाऱ्या सोबत्याचा भत्ता महिना १६० रुपये होता. दिवसाला साडेपाच रुपयेही नाहीत. ही रक्कम कुणी कंजूषपणाने ठरवली असं मला वाटत नाही. त्या विद्यार्थ्याबरोबर एक दिवस जाऊन-येऊन कुणी पाहिलं नव्हतं, एवढंच.

बाकी योजनांवर थोडक्यात नजर टाकू. आयआयटी, आयआयएमसारख्या नामांकित संस्थांत प्रवेश मिळवणाऱ्यांसाठी उच्च श्रेणी शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे. तिच्या जागा ३००, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख, शुल्क दोन लाखांपर्यंत आणि वसतिगृहाचा भत्ता महिना ३,०००. आयआयटीत तर २०१६ साली शुल्क ९० हजारांवरून दोन लाखांवर नेलं तेव्हाच अपंग विद्यार्थ्यांना ते पूर्ण माफ झालं. अभियांत्रिकीची पदवी-पदविका करणाऱ्यांना तंत्रशिक्षण परिषदेची ‘सक्षम’ शिष्यवृत्ती वर्षाला ५०,००० रुपये देते आणि खर्च कशावर करायचा यात फार ढवळाढवळ करत नाही. सध्याच्या योजनांत मला ती सर्वांत शहाणी वाटते. पीएच. डी. साठी वर्षाला २०० अधिछात्रवृत्ती आहेत, परदेशी शिक्षणासाठी २०. महाराष्ट्र सरकारची स्वतःची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटी या संकेतस्थळावरून मिळते. राष्ट्रीय आणि राज्य पातळीवरची दिव्यांग वित्त महामंडळं सवलतीच्या व्याजाने शैक्षणिक कर्ज देतात. कर्ज वाईट नाही, पण पदवी मिळाल्यावरही ज्याला नोकरीच्या दारात दुसऱ्यांपेक्षा जास्त वेळ उभं राहावं लागणार आहे त्याच्या शिक्षणाचा पाया कर्जावर घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एका निधीची हकीकत मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण ती फारशी कुणाला ठाऊक नसते. १९७४ च्या व्याजकर कायद्याखाली बँका कर्जदारांकडून हा कर वसूल करत. तो वसूल करताना व्याजाचा दर वरच्या पाव टक्क्यापर्यंत पूर्ण करून घेत. एकेका कर्जदाराकडून गेलेली ही जादा रक्कम किरकोळ होती, पण सगळी मिळून प्रचंड झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. हे पैसे बँकांचे नव्हते आणि लाखो कर्जदारांना शोधून ते परत करणंही शक्य नव्हतं. एप्रिल २००४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की ही रक्कम अपंग व्यक्तींच्या कल्याणासाठी एका विश्वस्त निधीत जमा करा. पुढे या निधीतून उच्च शिक्षण घेणाऱ्या अपंग विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या गेल्या. कुणाच्या तरी घरकर्जाच्या, कुणाच्या ट्रॅक्टरच्या हप्त्यातले पैसे कुणाच्या तरी पदवीच्या कामी आले.

आता खर्चाकडे जवळून पाहू, कारण अपंगत्व हा एकच शब्द असला तरी खर्च एकसारखा नसतो. अंध विद्यार्थ्याचा मोठा खर्च वाचनाचा. पडदावाचक सॉफ्टवेअरमध्ये एनव्हीडीए फुकट मिळतं, पण त्यासाठी लॅपटॉप हवा. छापील मराठी पुस्तक स्कॅन करून मजकुरात उतरवलं तर जोडाक्षरांचे तुकडे पडतात, आणि मग कुणाला तरी बसून ओळ न् ओळ दुरुस्त करावी लागते. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने अशी सुलभ प्रत करायला मुभा दिली. पुढे अशा प्रतींविषयीचा मराकेश करार मान्य करणारा भारत जगातला पहिला देश ठरला, ते साल २०१४. कायदा अनुकूल आहे, पण पुस्तक दुरुस्त करणाऱ्या हातांचे पैसे कुठल्याच योजनेत नाहीत. परीक्षेत लेखनिक घेता येतो, तासाला वीस मिनिटं जादा मिळतात. लेखनिक मात्र बहुतेक वेळा विद्यार्थ्यालाच शोधावा लागतो. पेपर सकाळी अकराला आणि नऊ वाजता ‘ताप आलाय, येत नाही’ असा फोन, हा प्रसंग आमच्यावर दोनदा आला आहे.

कर्णबधिर विद्यार्थ्याची अडचण वर्गात कुणाच्या नजरेलाच येत नाही. तो शांत बसलेला असतो, हजेरी लागते, फळ्यावरचं तो उतरवून घेतो. प्राध्यापक फळ्याकडे तोंड करून बोलले की त्याचा तास संपला. त्याला हवा भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाष्या. दिल्लीत २०१५ साली सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था सुरू झाली, वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे, तरी आपल्या साध्या कॉलेजात दुभाष्या असणं हा अपवादच. वर्षाच्या २,००० रुपयांच्या अपंगत्व भत्त्यात दुभाष्याचे एक-दोन दिवस निघतील. उरलेलं वर्ष तो मुलगा मित्राच्या वहीवर काढतो.

चाकाच्या खुर्चीवर असलेल्या मुलीचा खर्च आणखी वेगळा. तिला वर्ग तळमजल्यावर हवा असतो, त्याला खरं तर पैसे लागतच नाहीत, वेळापत्रक बदलावं लागतं. पण जिथे ते होत नाही तिथे तिला उचलून न्यायला माणूस लागतो. जिथे वापरण्याजोगं स्वच्छतागृह नाही तिथे ती सकाळपासून पाणी पीत नाही. मणक्याला इजा झालेल्या मुलींना यातून मूत्रमार्गाचे संसर्ग होतात आणि त्यांच्या औषधांचा खर्च शिक्षणाच्या खर्चात कधी धरला जात नाही. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा महाविद्यालयांच्या निमित्ताने निकाल दिला तेव्हा आरक्षण आणि इमारतीची सुगमता या दोन्ही गोष्टी एकत्र घेतल्या होत्या, त्या एकत्रच घ्यायला हव्यात. उताराचा रस्ता एकदा बांधला की मदतनिसाचा रोजचा खर्च वाचतो. कॉलेजने न केलेला खर्च विद्यार्थ्याच्या खिशातून जात राहतो.

हे सगळं पाहिल्यावर आपल्या शिष्यवृत्तीची घडण लक्षात येते. ती गरिबीसाठी आखलेली आहे आणि अपंगत्व तिला एक अट म्हणून जोडलेलं आहे. आधी उत्पन्नाचा दाखला, मग अपंगत्वाचा. अडीच लाखांच्या वर दहा हजार कमावणाऱ्या शिपायाचा मुलगा त्यातून बाद होतो, जरी त्याच्या घरी दर महिन्याला चार-पाच हजार केवळ अपंगत्वापायी जात असले तरी. अपंगत्वाचा जादा खर्च हा गरिबीहून निराळा आहे. तो गरिबालाही असतो, मध्यमवर्गीयालाही असतो. गरिबाला तो मोडून टाकतो आणि मध्यमवर्गीयाला गरीब करतो.

सरकारला हे कळत नाही असंही नाही. जुन्या करपद्धतीत अपंग व्यक्तीला किंवा तिच्या पालकाला प्राप्तिकरात ७५,००० रुपयांची, आणि तीव्र अपंगत्व असेल तर सव्वा लाखाची वजावट मिळते. तिथे कुणी गरिबीचा दाखला मागत नाही. केंद्र सरकारच्या अपंग कर्मचाऱ्यांना वाहतूक भत्ता इतरांच्या दुप्पट दराने मिळतो. अपंग माणसाला कामाच्या जागी पोचायला जास्त पैसे पडतात, हे तिथे सरळ मान्य केलेलं आहे. २०१६ च्या कायद्याचं २४ वं कलम सांगतं की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत इतरांना जेवढी मदत मिळते त्यापेक्षा अपंग व्यक्तीला किमान २५ टक्के जास्त मिळावी. शिष्यवृत्तीचं नाव या कलमात नाही, पण तत्त्व तेच आहे. म्हणजे पगारदाराच्या बाबतीत, करदात्याच्या बाबतीत जादा खर्च मोजला जातो. ज्या वयात माणूस कमावत नाही, शिकत असतो, नेमका तिथेच तो मोजायचा राहिला आहे.

ब्रिटनमध्ये अपंग विद्यार्थ्यांचा वेगळा भत्ता १९७० च्या दशकापासून आहे. त्याची रचना मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. घरचं उत्पन्न विचारलं जात नाही. परतफेड नाही. जाणकार व्यक्ती विद्यार्थ्याशी बोलून त्याच्या गरजांची यादी करते: याला पडदावाचक हवा, हिला दुभाष्या हवा, याला टॅक्सीचे वरचे पैसे हवेत. त्या यादीप्रमाणे वर्षाला २५,००० पौंडांहून अधिक इतकी कमाल मर्यादा ठेवून खर्च उचलला जातो. राहण्या-जेवणासाठीची मदत वेगळी, तिला उत्पन्नाची अट आहे. कॅनडातही उपकरणं आणि सेवांसाठीचं अनुदान असंच वेगळं ठेवलेलं आहे. त्यांच्या रकमा आपल्याला झेपणार नाहीत हे मान्य. पण ‘तुला काय लागतं?’ हा प्रश्न विचारायला फार पैसे लागत नाहीत. आपल्याकडे दर जिल्ह्यात समाजकल्याणची यंत्रणा आहे, विद्यापीठांत समान संधी कक्ष आहेत. अर्जासोबत गरजांचं एक पान जोडता येईल आणि ते पान वाचून रक्कम ठरवता येईल.

आता दाखल्यांविषयी. अपंगत्वाचा दाखला हा या साऱ्याचा उंबरठा आहे. महाराष्ट्रात अनेक वर्षं ‘एसएडीएम’ या संगणक प्रणालीवरून दाखले निघत, आता देशभर एकच वैश्विक ओळखपत्र, युडीआयडी. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचे नियम बदलले. ४० टक्क्यांखाली पांढरं कार्ड, ४० ते ८० पिवळं, त्यावर निळं. दाखला देण्याची मुदत मात्र एक महिन्यावरून तीन महिन्यांवर गेली. बारावीचा निकाल आणि प्रवेशाची शेवटची तारीख यांत तीन महिने नसतात. ज्याचं अपंगत्व नव्याने आलंय, अपघातात पाय गेलाय, नजर हळूहळू जातेय, त्याचं एक वर्ष त्या तीन महिन्यांत अडकू शकतं. ४० टक्के ही रेघही निर्दय आहे. अध्ययन अक्षमता किंवा मानसिक आजार टक्क्यांत कसा मोजणार? ३८ टक्केवाल्याचा संघर्ष ४२ टक्केवाल्यापेक्षा कमी असतो असं कोणता शिक्षक म्हणेल?

वैद्यकीय प्रवेशांत या रेघेने भलताच पेच केला होता. काही अपंगत्वांच्या बाबतीत ४० टक्क्यांखाली आरक्षण नाही आणि ४० टक्क्यांवर डॉक्टर व्हायला अपात्र. महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याला बोलण्याचं ४४-४५ टक्के अपंगत्व होतं. त्याच्या याचिकेवर ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निव्वळ टक्केवारीवरून कुणाला अपात्र ठरवता येणार नाही, तो अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल का हे मंडळाने तपासावं. त्याला वैद्यकीयचा प्रवेश मिळाला. याच सुमारास एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्वाच्या दाखल्यावरून राज्यात गदारोळ उठला आणि दाखल्यांची फेरतपासणी सुरू झाली. बोगस दाखला म्हणजे खऱ्या अपंगाच्या ताटातला घास काढून घेणं आहे, त्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण तेव्हापासून रांगेतल्या प्रत्येक मुलाकडे संशयाने पाहिलं जातंय आणि ‘खरंच दिसत नाही का?’ हे त्याला पुन्हा पुन्हा ऐकावं लागतंय.

दाखला मिळाला की पुढची वाट ऑनलाईन. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, अधिवास, बोनाफाईड, मागच्या वर्षाचं गुणपत्रक, खातं आधारशी जोडलेलं. बोटांचे ठसे उमटत नाहीत असे विद्यार्थी असतात. कुणाच्या बोटांची हालचाल नाही, कुणाला बोटंच नाहीत. डोळ्यांची बुबुळं टिपायला जावं तर अंध विद्यार्थ्याची बुबुळं यंत्र घेत नाही. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिड हल्ल्यातल्या पीडित आणि अंध व्यक्तींच्या याचिकांवर निकाल देताना डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि ओळख पटवण्याच्या पद्धती बदलायला सांगितल्या. तो निकाल बँकेच्या शाखेतल्या खिडकीपर्यंत पोचायला वेळ लागणार. सगळं जमलं की अर्ज कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला, तिथून प्राचार्यांच्या, मग जिल्ह्याच्या. एखादा कागद अस्पष्ट निघाला की परत. पैसे बहुतेकांना वर्ष उलटताना मिळतात, कधी परीक्षा संपल्यावर. शिक्षणाचा खर्च मात्र जूनमध्ये सुरू होतो. उशिरा आलेली मदत श्रीमंत घरात बक्षिसासारखी असते, गरीब घरात तिने नुसतं कर्ज फिटतं.

या सगळ्या मधल्या जागा महाराष्ट्रात वर्षानुवर्षं कुणीतरी भरून काढत आलंय. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक वयाच्या सोळाव्या वर्षी पायांतलं बळ गेल्यावर चाकाच्या खुर्चीवर आल्या. १९८४ मध्ये त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. अपंग मुलांसाठी वसतिगृह उभारलं, कारण शाळा-कॉलेज असूनही राहायला जागा नसल्याने शिक्षण सुटतं हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. पुण्यात विश्रांतवाडीच्या ‘निवांत’मध्ये मीरा बडवे यांनी दहावीनंतर अंधशाळेतून बाहेर पडलेल्या मुलांना आसरा दिला आणि महाविद्यालयीन पुस्तकं ब्रेलमध्ये आणली. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात २००३ पासून दृष्टिहीनांसाठी साधन केंद्र चालतं. त्याच कॉलेजात शिकलेली उल्हासनगरची प्रांजल पाटील २०१६ साली केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. अंधत्वाचं कारण देऊन रेल्वेच्या लेखा सेवेने तिला नाकारलं. दुसऱ्या वर्षी ती १२४ वी आली आणि पुढे तिरुअनंतपुरममध्ये उपजिल्हाधिकारी झाली. तिच्या जिद्दीचं कौतुक सगळीकडे झालं, ते योग्यच. पण दादरच्या अंधशाळेपासून झेवियर्सच्या साधन केंद्रापर्यंत तिच्या वाटेवर जे उभं होतं ते बार्शीच्या, गडचिरोलीच्या, सावंतवाडीच्या मुलीच्या वाटेवर नाही. संस्था आहेत तिथे मुलं पुढे जातात. सरकारी मदतीचं काम आहे ते संस्था नाहीत तिथल्या मुलांसाठी.

महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग केला. ही मोठी गोष्ट आहे, आधी सामाजिक न्याय विभागाच्या भल्यामोठ्या छत्रीखाली हा विषय कोपऱ्यात पडायचा. आणखी एक साधन हाताशी आहे आणि त्याचा नीट वापर होत नाही. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के अपंगांवर खर्च करायचे असतात. पुष्कळ गावांत वर्षाच्या शेवटी हे पैसे सगळ्यांना सारखे वाटून टाकतात. माणशी पाचशे-हजार येतात, कुणाचंच काही भागत नाही. गावातली एकच अंध मुलगी बारावीनंतर शहरात शिकायला निघाली असेल तर ग्रामसभेने ठराव करून तिच्या लॅपटॉपचे पैसे द्यावेत. हे आज, आहे त्याच नियमांत, कुठल्याही नव्या योजनेशिवाय होऊ शकतं. आजवर एकाही ग्रामसभेत मी हा विषय निघालेला ऐकला नाही, आणि ज्यांच्या हातात हा लेख पडेल त्यांनी तो काढावा एवढी माझी विनंती आहे.

तसंच प्रवासाचं. एसटीत तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, लोकलला राखीव डबा आहे. या सवलती त्यांच्यासाठी, ज्यांना बसमध्ये चढता येतं, डब्यापर्यंत पोचता येतं. जे रिक्षानेच जाऊ शकतात त्यांच्या खर्चाला कसलीच सवलत नाही. कॉलेजच्या प्राचार्यांनी सही केलेल्या हजेरीपत्रकावर वाहतूक भत्ता देता येईल. नोकरीत तो असाच दिला जातो. हजेरीचे दिवस गुणिले ठरावीक दर.

आमच्या मुलीचा अर्ज त्या दिवशी भरून झाला. मुलाने पन्नास रुपये घेतले, चित्रातली अक्षरं त्यानेच टाकली. पहिल्या सत्राची परीक्षा नोव्हेंबरात झाली. लेखनिक म्हणून आलेली तृतीय वर्षाची मुलगी चारही पेपरांना वेळेवर आली आणि हिने तिच्या येण्याजाण्याचे पैसेही आपल्याच पर्समधून दिले. परवा वाचायला गेले तेव्हा तिने ब्रेलची जाड वही काढली. तिच्या हिशेबाची वही आहे ती, मला ठाऊक नव्हतं. पानाच्या एका कडेला तारखा, दुसऱ्या कडेला रुपये. तिने बोट फिरवत मला वाचून दाखवलं: जुलै ते नोव्हेंबर, कॉलेजचे ८८ दिवस, रिक्षाचे १३,२०० रुपये. मग फोनवर अर्जाची स्थिती ऐकवली. अर्ज अजून कॉलेजच्या पडताळणीतच होता.